डोंगरावरचा मास्तर कसा घडतो?

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी घरी सांगितलं, की मला डोंगर चढायला शिकवण्याचं काम करायचं आहे. आई ओट्यावर कापूस निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "डोंगर चढानी बी नोकरी ऱ्हास का रे भाऊ?" वडील काहीच बोलले नाहीत. आज जळगाव-धुळ्याचे आईवडील मला तोच प्रश्न विचारतात, फक्त शब्द बदललेत : "सर, यात करिअर आहे का? कोर्स कुठे करायचा?" दहावी-बारावीचे निकाल लागले, की असे फोन सुरू होतात. त्यांना मी जे सांगतो, तेच आज जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे चांगला गिर्यारोहक आणि चांगला प्रशिक्षक ही दोन वेगळी माणसं. पट्टीचा पोहणारा पोहायला शिकवू शकेलच असं नाही, तसंच हे. चढणाऱ्याचं लक्ष वर असतं. शिकवणाऱ्याचं लक्ष ओळीतल्या शेवटच्या मुलाकडे असावं लागतं. हे वाक्य म्हणायला सोपं आहे, पण मला ते समजायला काही वर्षं आणि दोन चुका लागल्या.

बेसिक, ॲडव्हान्स आणि पुढे

आपल्या देशात हे शिक्षण रीतसर मिळतं. तेनसिंग आणि हिलरी यांनी १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर केलं आणि पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. प्रत्यक्ष डोंगरावरच्या प्रशिक्षणाचे तिचे पहिले संचालक खुद्द तेनसिंग होते. १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग निघाली. मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची संस्था आहे आणि काश्मीरमध्ये पहलगामला जवाहर इन्स्टिट्यूट. या सरकारी संस्थांची फी खासगी शिबिरांच्या मानाने बेताची असते, पण जागा कित्येक महिने आधी भरतात. एनसीसीच्या मुलामुलींना तिथे पाठवलं जातं, हे आपल्याकडच्या कॉलेजांत पुष्कळांना ठाऊकच नसतं.

शिडीच्या पायऱ्या तीन. पहिली बेसिक कोर्स, साधारण चार आठवड्यांचा. त्यात 'अ' श्रेणी मिळाली तरच ॲडव्हान्स, तोही तितकाच. ॲडव्हान्समध्ये पुन्हा 'अ' मिळाली, तर 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन', म्हणजे शिकवायचं कसं याचा, सुमारे तीन आठवड्यांचा कोर्स. शोध आणि बचाव हा आणखी एक वेगळा अभ्यासक्रम असतो. डोंगरावर जन्म काढला तरी ही शिडी मधूनच चढता येत नाही.

बेसिकचे पहिले दिवस कातळावर जातात : दोर, गाठी, चढाई, दोरावरून उतरणं. मग पाठीवर ओझं घेऊन हिमनदीपाशी मुक्काम. बुटांना लोखंडी दात, म्हणजे क्रॅम्पॉन, बांधून बर्फावर चालणं, घसरलो तर आइस-ॲक्स रोवून स्वतःला थांबवणं. त्यापूर्वी मी बर्फ पाहिला होता तो फक्त चाळीसगावच्या स्टेशनबाहेरच्या गोळ्याच्या गाडीवर. तरी मी जोमात होतो. ओझं घेऊन चढताना रोज पहिल्या तिघांत असायचो.

निकाल लागला. मला 'ब' मिळाला. तोंड पाडून मी आमच्या उस्तादांकडे गेलो. ते म्हणाले, "चढते अच्छा हो. देखते नहीं हो." माझ्या दोरावरच्या जोडीदाराचा क्रॅम्पॉन सैल झाला होता. तो दोनदा थांबला, मी दोन्ही वेळा दोर ओढून त्याला चल म्हणालो. मला ते आठवतही नव्हतं, पण उस्तादांच्या वहीत ते लिहिलेलं होतं. दोन वर्षांनी मी बेसिक पुन्हा पहिल्यापासून केला. तेव्हा राग आला होता, आज वाटतं, ती श्रेणी बरोबर होती.

शिकवायच्या कोर्सची गंमत वेगळीच. तिथे सगळेच तयारीचे. आठाची गाठ प्रत्येकाला डोळे मिटून येते. उस्ताद सांगतात, "हीच गाठ आम्हाला पहिल्यांदा दिसते आहे असं समजून शिकवा." आणि भल्याभल्यांची बोबडी वळते. मी वर्गाकडे तोंड करून गाठ मारली, म्हणजे समोरच्यांना ती उलटी दिसली. आधी पूर्ण करून दाखवायची, मग टप्प्याटप्प्याने, मग मुलांकडून करून घ्यायची आणि शेवटी प्रत्येकाची हाताने तपासायची. "समजलं का?" असं विचारायचं नाही, कारण मुलं नेहमी "हो" म्हणतात. "करून दाखव" म्हणायचं.

ब्रिटनमध्ये 'माउंटन लीडर' ही पात्रता आहे. तिच्या प्रशिक्षणाला बसण्याआधी डोंगरातले किमान २० चांगले दिवस आणि परीक्षेआधी किमान ४० दिवस नोंदवहीत दाखवावे लागतात. कुठे गेलो, हवा कशी होती, कुठे चुकलो, सगळं त्यात येतं. आपल्याकडे कुणी मागत नसलं तरी मी माझ्याबरोबरच्या तरुणांना अशी वही ठेवायला लावतो. प्रमाणपत्र चार आठवड्यांत मिळतं, त्या वहीला वर्षं लागतात.

आपला बर्फ म्हणजे ऊन

हे सगळं शिकून मी गावी आलो आणि माझी दुसरी चूक झाली. हिमालयात थंडीपासून जीव कसा वाचवायचा हे शिकवतात. आमच्या खान्देशात मात्र उन्हाळ्यात पारा ४५च्या घरात जातो. इथे माणूस गारठ्याने मरत नाही, उन्हाने मरतो.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. पाटणादेवीला नववीच्या मुलांची एकदिवसाची सहल. गौताळा अभयारण्यातलं ते जंगल, वर कण्हेरगड. सकाळी सातला चढायला लागायचं ठरलं होतं. बस उशिरा आली, अकरा वाजले. तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं. पण मुलांचे चेहरे बघून म्हटलं, जाऊ हळूहळू.

निम्म्या चढावर एक मुलगा म्हणाला, "सर, बस आली का?" मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलो. थोड्या वेळाने तो पुन्हा तेच म्हणाला आणि झोकांड्या खायला लागला. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. उन्हात श्रम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो नुसता दमलेला नसतो, तो उष्माघात असू शकतो. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदूवर परिणाम सुरू झालेला असतो. अशा वेळी आधी गार करायचं, मग न्यायचं. त्याला झाडाखाली निजवलं, शर्ट काढला, सगळ्यांच्या बाटल्या त्याच्या अंगावर ओतल्या, वह्यांनी वारा घातला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. नंतर झोळी करून खाली आणला आणि चाळीसगावला दवाखान्यात नेला. दोन दिवसांनी तो घरी गेला. त्याच्या वडिलांनी माझा हात धरून आभार मानले. मला त्यांच्याकडे बघवेना, कारण चूक माझी होती.

त्या दिवसापासून माझा नियम आहे. होळीनंतर दहा वाजता सगळे खाली, डोंगर कितीही राहिला असो. परत फिरायची वेळ घरून निघतानाच कागदावर लिहायची, कारण वर गेल्यावर मन फसवतं.

दोर कशाला बांधायचा?

तिसरी गोष्ट कातळाची. सह्याद्री काय, सातमाळा काय, सातपुड्याचा आपल्याकडचा भाग काय, हा सगळा लाव्हाच्या थरांचा बेसाल्ट. थर कणखर दिसतो, पण दोन थरांमध्ये पुष्कळदा ठिसूळ पट्टा असतो आणि कडेचे दगड सुटे असतात. म्हणून हात ठेवण्याआधी दगड ठोकून बघायचा. पोकळ आवाज आला की सोडून द्यायचा. दोर कधीही एकाच आधाराला बांधायचा नाही. दोन वेगळे आधार हवेत, म्हणजे एक निसटला तरी दुसरा धरील.

त्या दोन आधारांकडून येणाऱ्या पट्ट्यांमधला कोनही महत्त्वाचा. कोन ६० अंशांचा असेल, तर प्रत्येक आधारावर वजनाचा ५८ टक्के भाग येतो. तोच १२० अंशांचा झाला, तर प्रत्येकावर पूर्ण वजन येतं आणि दोन आधार घेऊन काही वाचलं नाही. विहिरीवर दोघांनी मिळून बादली ओढून पाहा : शेजारी उभे राहिलात तर हलकी लागते, समोरासमोरच्या काठांवरून ओढलीत तर जड होत जाते.

त्याशिवाय आग्या मोहोळ आहे. मधमाश्या असलेल्या कड्याखाली धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. साप चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय स्थिर ठेवून लवकरात लवकर दवाखाना गाठायचा. दवाखाना किती लांब आहे आणि मोबाइलला रेंज कुठवर आहे, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघून यायचं. १०८ नंबर पाठ असून भागत नाही, गाडी कुठल्या फाट्यावर बोलवायची हे सांगता आलं पाहिजे.

शिकलेल्यांचंही चुकतं

एवढं शिकल्यावर धोका संपतो का? नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात 'द्रौपदी का डांडा' शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेच्या ॲडव्हान्स कोर्सवर हिमकडा कोसळला. २७ मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही. त्यात शिकवणाऱ्या सविता कंसवालही होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरं सर केली होती.

पाण्याचंही तसंच. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी आपल्या धुळ्यात असते. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना याच तुकडीची बोट उलटली आणि दलाचे तीन जण गेले. ही रोज सराव करणारी माणसं होती. तेव्हा दोन शिबिरं करून धबधब्यावर दोर टाकणाऱ्यांनी आणि धरणात मुलं उतरवणाऱ्यांनी हे विसरू नये. डोंगरावरच्या प्रशिक्षकाला पाण्यातलं आपोआप येत नाही. त्याचं शिक्षण वेगळं आहे, गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत ते मिळतं.

पोटाचं काय?

आता आईचा प्रश्न. नोकरी म्हणाल तर थोड्या शाळा आणि थोड्या कंपन्या पगारावर ठेवतात. बाकी काम दिवसाच्या मानधनावर आणि हंगामी. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सवड नसते, उन्हाळ्यात हिमालयातल्या शिबिरांवर जावं लागतं, मधले महिने कोरडे. गुडघे जपावे लागतात, कारण भांडवल तेच. मी आजही घरची शेती बघतो. हे मी मुलांना स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढे फसवल्यासारखं वाटत नाही.

पण काम आहे, आणि वाढतं आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात जमीन, पाणी आणि हवा यांतले उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी करावी लागते, आणि प्रशिक्षित माणसांशिवाय ती व्हायची कशी? मला वाटतं, या कामासाठी खरी माणसं यावल-चोपड्याच्या आणि शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर आहेत. पावरा, भिल्ल, तडवी मुलामुलींना जंगल शिकवावं लागत नाही. त्यांना अडतं ते अर्ज, वैद्यकीय दाखला आणि रेल्वेच्या तिकिटापाशी. एखाद्या ग्रामपंचायतीने किंवा बँकेने वर्षाला दोघांना उत्तरकाशीला पाठवलं, तरी दहा वर्षांत चित्र बदलेल. नाहीतर सातपुडा दाखवायला बाहेरून माणसं येतील आणि इथली मुलं त्यांची ओझी उचलतील.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी. मुलांना शिबिराला पाठवताना नोंदणी विचारा, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र विचारा, एका प्रशिक्षकामागे किती मुलं ते विचारा. मग शेवटी एक प्रश्न विचारा : "तुम्ही अर्ध्यातून परत शेवटचं कधी फिरलात?" त्याने दिवस आणि जागा सांगितली, कारण सांगितलं, तर पोराला खुशाल पाठवा. "आम्ही कधीच परत फिरत नाही" असं तो छाती पुढे काढून म्हणाला, तर पोराला घरी ठेवा. डोंगर कुठे जात नाही.