मीठ कमी की पाणी जास्त?

सत्तरीच्या आजोबांना नैराश्यावरील गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन आठवड्यांनी ते अधिकच मलूल दिसू लागले. डोके दुखते, मळमळते, चालताना तोल जातो, बोलणे असंबद्ध होते. घरच्यांना वाटते, आजार वाढला किंवा वय झाले. पण खरे कारण वेगळेही असू शकते. ते म्हणजे रक्तातील सोडिअम घटणे.

एक लिटर रक्तद्रवात साधारण १३५ ते १४५ मिलिमोल सोडिअम असते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही औषधे मेंदूतील सेरोटोनिनचा प्रभाव वाढवतात. काही रुग्णांत त्यामुळे व्हाझोप्रेसिन हे संप्रेरक गरज नसतानाही स्रवते. मूत्रपिंडांनी पाणी राखून ठेवावे, हे या संप्रेरकाचे काम. मग लघवीवाटे जायचे पाणी शरीरातच साठते. मिठाच्या पाण्यात साधे पाणी ओतले, तर मीठ तेवढेच राहते, खारटपणा मात्र उतरतो. इथेही मूळ बिघाड मिठाचा नसून पाण्याचा आहे. संप्रेरकाच्या अशा अवाजवी स्रावाचे वर्णन श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी १९५७ साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांत केले होते.

याचा त्रास मेंदूलाच आधी का होतो? बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात, हा परासरणाचा प्रयोग आपण वर्गात करतोच. रक्तद्रव विरल झाला की पाणी तसेच पेशींमध्ये शिरते. मेंदू टणक कवटीत बंदिस्त असल्याने त्याला फुगायला जागा नसते. सोडिअम फारच उतरले तर आकडी किंवा बेशुद्धीही येते.

उतारवयात जादा पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडांची क्षमता कमी होते. स्त्रिया, कमी वजनाच्या व्यक्ती आणि रक्तदाबासाठी थायाझाइड गोळ्या घेणारे यांना धोका अधिक असतो.

उपाय सोपा आहे. अशा रुग्णांचे सोडिअम औषधापूर्वी आणि नंतर दोन ते चार आठवड्यांनी तपासावे. ते घटले असल्यास घरीच मीठ खाऊ घालू नये, गोळ्याही परस्पर बंद करू नयेत. औषध बदलायचे की पाणी मोजून द्यायचे, हे डॉक्टर ठरवतील. सोडिअम घाईने वाढवल्यास मेंदूतील चेतातंतूंच्या आवरणाला इजा होऊ शकते. या औषधांनी अनेकांचे नैराश्य दूर होते. म्हणून ती टाळण्यापेक्षा पहिल्या महिन्यात आजी-आजोबांकडे लक्ष ठेवणे महत्त्वाचे.