दुभाष्याची परीक्षा

बेळगाव शहराच्या दक्षिणेस वडगाव ही विणकरांची जुनी वस्ती आहे. शहापूर, खासबाग आणि वडगाव ह्या लगतच्या भागांतून मागांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आला. हातमाग मागे पडले, त्यांच्या जागी यंत्रमाग आले; तरी साडीच्या काठापदरावर नक्षी उठविण्याचे तत्त्व मूळचे तेच राहिले. कागदावरील बारीक चौकटींत नक्षी आखावयाची, त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडावयाची आणि त्या पट्ट्यांची माळ मागावरील जेकार्डावर चढवावयाची. छिद्र असेल तेथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तेथला खालीच राहतो, आणि धोटा एकाच फेकीत उचललेल्या साऱ्या धाग्यांखालून निघून जातो. फ्रान्समधील लियाँ शहरी जोसेफ मारी जाकार याने ही योजना १८०४ साली सिद्धीस नेली.

ह्या पट्टीवरील एखादे छिद्र चुकले, तर ती चूक एकदाच होऊन थांबत नाही. नक्षी जितक्या वेळा फिरून येईल तितक्या वेळा ती उमटते. म्हणून नवी माळ चढविली की जाणता विणकर आधी वीतभर कापड विणून पाहतो. सुलट बाजू पाहतो, उलट बाजू पाहतो आणि काठ तर विशेष निरखून पाहतो. पुरी साडी विणून झाल्यावर दोष सापडला, तर उपयोग काय?

संगणकाच्या जगात ह्याच जातीचे एक काम चालते. त्याचा गाजावाजा होत नाही. परंतु खिशातल्या फोनपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत सारा व्यवहार त्यावर विसंबून असतो. ते काम म्हणजे कंपायलरची परीक्षा.

कंपायलर म्हणजे संगणकाचा दुभाषी. माणूस आपला प्रोग्रॅम माणसाला उमजेल अशा भाषेत लिहितो. संगणकाचे गणित करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, फक्त आकड्यांत मांडलेल्या आपल्या आज्ञा ओळखतो. एकीतून दुसरीत भाषांतर करणारा प्रोग्रॅम तो कंपायलर. अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली ह्या दिशेने पहिले पाऊल टाकले. पुढे १९५७ साली आय. बी. एम. कंपनीतील जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन वर्षांच्या खटपटीनंतर फोरट्रान ही भाषा व तिचा कंपायलर लोकांच्या हाती दिला. त्या काळच्या जाणत्यांना शंका होती ती अशी, की यंत्राने केलेले भाषांतर हाताने लिहिलेल्या आज्ञांइतके चपळ होईल काय? अर्थात दुभाष्याच्या जन्मापासूनच त्याला दोन प्रश्न विचारले जात आहेत: भाषांतर बरोबर आहे काय, आणि ते काटकसरीचे आहे काय?

ह्या दोन्ही प्रश्नांची कसोटी जेथे फार स्पष्ट लागते असे एक छोटे क्षेत्र आहे. ते म्हणजे लहान सदिशांची गणिते. अवकाशातील एखाद्या बिंदूचे स्थान तीन संख्यांनी सांगतात. पडद्यावरील ठिपक्याचा रंग लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार संख्यांनी सांगतात. वाऱ्याचा वेग व दिशा दोन संख्यांत मावते. असा दोन, तीन किंवा चार संख्यांचा एकत्र संच म्हणजे लहान सदिश. चित्र हलते, नकाशा फिरतो, वैद्यकीय छायाचित्र स्वच्छ केले जाते, तेव्हा अशा संचांच्या बेरजा आणि गुणाकार लक्षावधी वेळा करावे लागतात.

प्रोसेसर बनविणाऱ्यांनी ह्यासाठी धोट्यासारखीच सोय केली. प्रोसेसरच्या आत संख्या तात्पुरती ठेवण्याचे कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. १९९९ साली आलेल्या पेंटियम-३ ह्या प्रोसेसरात १२८ बिटांचे रुंद रजिस्टर होते. त्यात ३२ बिटांच्या चार अपूर्णांकी संख्या शेजारी शेजारी बसत आणि एकाच आज्ञेने चारही जोड्यांची बेरीज होई. पुढे २०११ साली ही रुंदी २५६ बिटांवर गेली आणि त्यानंतर ५१२ बिटांवर. फोनमधील प्रोसेसरांनाही अशी सोय असते. प्रश्न एवढाच उरतो, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने साध्या भाषेत चार बेरजा लिहिल्या, तर त्या एका आज्ञेत बांधता येतात हे दुभाष्याच्या ध्यानी येते काय?

परीक्षा घेण्याची रीत साधी आहे. चार संख्यांचे दोन संच घेऊन त्यांची बेरीज परत देणारा चारदोन ओळींचा प्रोग्रॅम लिहावयाचा. कंपायलरला सांगावयाचे, की भाषांतर करून तेथेच थांब आणि यंत्राच्या आज्ञा वाचता येतील अशा अक्षरांत दाखव. मग त्या आज्ञा एकेक करून वाचावयाच्या. पहिला संच रुंद रजिस्टरात आणला, दुसरा आणला, एक बेरीज केली, उत्तर परत दिले, असे दिसले तर दुभाषी उत्तीर्ण. त्याऐवजी चार निरनिराळ्या बेरजा दिसल्या, तर उत्तर बरोबर असूनही भाषांतर उधळे ठरले. ही उधळ केवळ उत्तर तपासून कधीच कळली नसती. म्हणूनच कापडाप्रमाणे येथेही उलट बाजू पाहावी लागते.

परीक्षेचा प्रोग्रॅम लहान का ठेवावयाचा, हेही ह्यातून उमगते. दहा ओळींच्या भाषांतरातील प्रत्येक आज्ञा डोळ्यांखालून घालता येते. दहा हजार ओळींत दोष हरवून जातो. परंतु लहान परीक्षेतही फसगत होते. प्रोग्रॅममध्येच संख्या लिहून ठेवल्या, तर हुशार कंपायलर भाषांतर करतानाच बेरीज करून मोकळा होतो आणि मागे नुसते उत्तर ठेवतो. जिची परीक्षा घ्यावयाची ती बेरीज जागेवर उरतच नाही. उत्तराचा पुढे कोठे उपयोग केला नाही, तर निरर्थक काम म्हणून तो सारेच गाळून टाकतो. म्हणून जाणता परीक्षक संख्या बाहेरून देतो आणि उत्तर बाहेर घेतो.

अशा परीक्षा एकदा घेऊन भागत नाही. कंपायलर नित्य सुधारला जातो आणि आजची सुधारणा कालचे चांगले काम बिघडवू शकते. इलिनॉय विद्यापीठात २००० साली क्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी एल. एल. व्ही. एम. ह्या कंपायलर-संचाचा आरंभ केला. अडवे हे मुंबईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी. ह्या संचाबरोबर हजारो लहान परीक्षा जपून ठेवलेल्या आहेत. बहुतेक परीक्षांत काही ओळींचा नमुना आणि त्याच्याशेजारी अपेक्षित आज्ञा लिहिलेल्या असतात. कोणी बदल केला की यंत्र त्या साऱ्या परीक्षा पुन्हा घेते आणि अपेक्षित ओळ न आढळल्यास तत्काळ बोट ठेवते. प्रोसेसरांच्या जाती अनेक असल्यामुळे एकाच बेरजेची परीक्षा प्रत्येक जातीसाठी निराळी ठेवावी लागते.

तथापि खरी कसोटी लागते ती काठावर. चार संख्या चार जागांत नीट बसतात. पण बिंदूचे स्थान सांगणाऱ्या तीन संख्या आल्या म्हणजे चौथी जागा रिकामी राहते. तेथे काय ठेवावयाचे? बेरजेत तेथे काहीही असले तरी बिघडत नाही, कारण ते उत्तर कोणी वाचणारच नाही. पण पूर्णांकांचा भागाकार असेल आणि त्या रिकाम्या जागी शून्य पडले असेल, तर शून्याने भागण्याचा प्रसंग येतो आणि काही जातींचे प्रोसेसर तेथेच प्रोग्रॅम बंद पाडतात. ज्याने तीनच भागाकार मागितले, त्याचे काम न मागितलेल्या चौथ्याने बुडते. दुसरा धोका वाचण्याचा. तीन संख्या स्मृतीच्या परवानगी असलेल्या भागाच्या अगदी टोकाशी असल्या आणि कंपायलरने सोयीसाठी चार वाचल्या, तर चौथी परक्या हद्दीत जाते आणि पुन्हा तोच अपघात घडतो.

लांब यादीलाही असाच काठ असतो. दहा संख्या चारचार करून घेतल्या तर दोन फेऱ्यांत आठ होतात आणि दोन उरतात. ह्या उरलेल्या दोघींची निराळी व्यवस्था हवी. म्हणून परीक्षक केवळ आठ किंवा सोळा संख्यांवर समाधान मानीत नाही. शून्य, एक, तीन, चार, पाच, सात, आठ, नऊ अशा लांबीच्या याद्या मुद्दाम देऊन पाहतो.

याहून सूक्ष्म फसगत एकमेकींवर अवलंबून असलेल्या संख्यांची. समजा, यादी १, ०, ०, ०, ० अशी आहे, आणि आज्ञा अशी, की दुसऱ्या जागेपासून क्रमाने प्रत्येक जागी आधीच्या जागेतील संख्येत एक मिळवून ठेवावे. क्रमाने गेल्यास १, २, ३, ४, ५ असे उत्तर येते. चारही बेरजा एकदम केल्या, तर प्रत्येकीला शेजारणीची जुनीच संख्या दिसते आणि उत्तर १, २, १, १, १ असे येते. येथे घाई न करणे हेच दुभाष्याचे शहाणपण. काही परीक्षा अशाच असतात, की जेथे कंपायलरने रुंद आज्ञा वापरली नाही म्हणजेच तो उत्तीर्ण!

बेरजेचा क्रम हाही असाच नाजूक विषय आहे. शाळेत शिकविले जाते, की बेरीज कोणत्याही क्रमाने करावी, उत्तर एकच. संगणकाच्या अपूर्णांकी संख्यांना हा नियम सर्वस्वी लागू नाही, कारण ३२ बिटांच्या जागेत मोजकेच अंक राहतात. १० कोटी, १ आणि उणे १० कोटी ह्या तीन संख्या घ्याव्यात. १० कोटींत १ मिळविला तर तो एक जागेअभावी नाहीसा होतो, कारण ह्या आकाराच्या लगतच्या दोन मांडण्याजोग्या संख्यांत ८ चे अंतर असते; मग १० कोटी वजा केले की उत्तर शून्य. परंतु आधी दोन्ही १० कोटी एकमेकांत वळते करून मग १ मिळविला, तर उत्तर १. रुंद रजिस्टर वापरून लांब यादीची बेरीज करावयाची तर क्रम बदलावाच लागतो. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्पष्ट मुभा दिल्याखेरीज कंपायलरने तो बदलू नये, असा दंडक आहे. आणि तो पाळला जातो की नाही, हेही तपासावे लागते.

माणसाला सुचतील तेवढ्याच परीक्षा घेतल्या, तर न सुचलेले दोष राहून जातात. ह्यावर उपाय म्हणून यूटा विद्यापीठातील संशोधकांनी सी-स्मिथ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. तो सी भाषेतील प्रोग्रॅम आपोआप रचतो. तोच प्रोग्रॅम निरनिराळ्या कंपायलरांना देऊन उत्तरे ताडून पाहिली, की ज्याचे उत्तर इतरांहून निराळे त्याच्यावर संशय जातो. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार तीन वर्षांत ३२५ हून अधिक अज्ञात दोष उघडकीस आले. त्यांतील काहींत कंपायलर मध्येच बंद पडत होता. पण घातक दोष ते, ज्यांत तो काही न बोलता चुकीचे भाषांतर देत होता. अशा वेळी प्रोग्रॅम लिहिणारा बिचारा आपल्याच लेखनात चूक शोधीत दिवसच्या दिवस घालवितो. दुभाष्याने अर्थ बदलला आणि दोष मात्र बोलणाऱ्याच्या माथी आला, अशी ती अवस्था असते.

ही विद्या परदेशांपुरती राहिलेली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामास लागला. १९६४ साली तेथे सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि फोरट्रानमधून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची पिढी घडू लागली. पुढे मुंबईच्याच आय. आय. टी.त उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपायलरच्या अंतरंगाचा अभ्यास चालविला. प्रोग्रॅममधील कोणती संख्या कोठून निघून कोठवर पोहोचते, ह्याचा माग काढण्याच्या शास्त्रावरील त्यांचा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. वर सांगितलेली एकमेकींवर अवलंबून असलेल्या संख्यांची फसगत टाळावयाची, तर कंपायलरला असाच माग काढावा लागतो.

बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि शहरात अभियांत्रिकीची महाविद्यालयेही आहेत. वडगावच्या एखाद्या विणकराच्या घरातील मुलगी तेथे संगणकशास्त्र शिकत असेल, तर ह्या परीक्षेसाठी तिला मोठी प्रयोगशाळा नको. जी. सी. सी. आणि एल. एल. व्ही. एम. हे दोन्ही कंपायलर विनामूल्य मिळतात. त्यांचे अंतरंग वाचावयास कोणासही मोकळे आहे. साधा संगणक, तीन संख्यांचा एक सदिश आणि आज्ञा ओळीने वाचण्याची चिकाटी एवढे भांडवल पुरते. दोष सापडलाच, तर त्यातील अनावश्यक ओळी एकेक काढून तो ज्यात दिसेल असा लहानात लहान नमुना करावा आणि कंपायलर सांभाळणाऱ्यांकडे पाठवावा. असा नमुना पुढे कायमच्या परीक्षांत सामील केला जातो आणि तीच चूक पुन्हा शिरू लागली तर तिची वाट अडवितो.

माणसांचे कितीतरी व्यवहार आज अशा दुभाष्यांच्या हाती आहेत, ज्यांना बहुतेकांनी कधी पाहिलेले नाही. त्यांच्यावरील विश्वास हा आंधळा असू नये. तो वीतभर कापड विणून, उलट बाजू पाहून आणि काठ चाचपून मिळविलेला असावा. मागावरच्या माणसाला हे कोणी निराळे शिकवावे लागत नाही.