ट्रायंफ गाडीचा इतिहास व तिची घडण

शाळा सुटण्याच्या सुमारास फाटकापाशीं एखादी मोटारसायकल उभी असली, कीं तिच्याभोंवतीं मुलांचा घोळका जमतो. एक तिचा वेग विचारतो, दुसरा तिची किंमत विचारतो. परंतु ही गाडी कोणीं, केव्हां व कशी घडविली, असें विचारणारा विद्यार्थी क्वचितच आढळतो. वस्तूचा उपयोग करणें सोपें आहे. तिच्यामागील श्रम ओळखणें हें शिक्षणाचें काम होय. म्हणून ज्या नांवानें दुचाकी मोटारसायकली व चारचाकी मोटारी दोन्हीही प्रसिद्धीस आल्या, त्या ‘ट्रायंफ’चा वृत्तांत येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

ह्या इंग्लिश कारखान्याचा संस्थापक जन्मानें इंग्रज नव्हता. सीगफ्रीड बेटमान यांचा जन्म १८६३ सालीं जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें झाला. तरुणपणींच ते लंडनला आले व १८८५ सालीं त्यांनीं तेथें एक लहानशी व्यापारी पेढी काढली. इतरांनीं बनविलेल्या सायकली ते विकीत असत. पुढील वर्षीं त्यांनीं आपल्या मालास ‘ट्रायंफ’, म्हणजे विजय, असें नांव दिलें. इंग्रज, जर्मन व फ्रेंच या तिघांसही हा शब्द सहज समजे. व्यापाऱ्यास याहून सोयीचें नांव कोणतें? लवकरच त्यांचेच गांवकरी मोरिट्झ शुल्टे हे भागीदार झाले. दुसऱ्यांचा माल विकण्यापेक्षां आपण स्वतः सायकली बनवाव्या, असा विचार करून दोघांनीं कॉव्हेंट्री शहरीं कारखाना घातला, आणि १८८९ सालीं त्यांतून स्वतःच्या सायकली बाहेर पडूं लागल्या.

कॉव्हेंट्रीच कां, असें कोणी विचारील. ह्या शहरीं पूर्वीं रेशमी फिती विणण्याचा व घड्याळें बनविण्याचा धंदा चाले. ते धंदे परदेशी मालापुढें खालावले, पण बारीक व नेमकें काम करणारे हात तेथेंच राहिले. त्या हातांनीं प्रथम शिवणयंत्रें, मग सायकली, आणि शेवटीं मोटारी घडविल्या. धंदा बुडाला तरी कसब बुडत नाहीं, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

१९०२ सालीं भक्कम सायकलीच्या सांगाड्यास बेल्जममधील मिनर्व्हा एंजिन जोडून पहिली ट्रायंफ मोटारसायकल तयार झाली. तीनच वर्षांत कारखान्यानें स्वतःचें एंजिन बनविलें, व १९०८ सालीं मॅन बेटावरील शर्यतींत एका सिलिंडरच्या वर्गांत जॅक मार्शल यानें ट्रायंफवर बसून पहिला क्रमांक मिळविला.

१९१३ सालीं कॉव्हेंट्रीच्या नागरिकांनीं बेटमान यांस आपला नगराध्यक्ष निवडलें. परंतु पुढील वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि केवळ जर्मनींत जन्मल्यामुळें ते लोकांच्या संशयास पात्र झाले. नगराध्यक्षपद त्यांच्याकडे पुढें राहिलें नाहीं. पण आश्चर्य हें कीं, ज्या सैन्याचे निरोप्ये रणभूमीवर धांवत होते, त्यांच्याखालीं बहुधा ह्याच मनुष्याच्या कारखान्याची गाडी असे! ५५० सीसीची ‘मॉडेल एच’ ही गाडी इतकी भरंवशाची ठरली, कीं शिपाई तिला ‘विश्वासू’ म्हणूं लागले. युद्धकाळांत तीस हजारांवर ट्रायंफ गाड्या दोस्त सैन्यांस पुरविण्यांत आल्या. बेटमान यांनीं मनांत कडवटपणा धरिला नाहीं. ज्या शहरानें त्यांस दूर सारलें, त्याच शहरांतील तरुणांना धंद्यास भांडवल मिळावें म्हणून आपल्या पत्नीच्या नांवानें निधी ठेवणारे बेटमान हेच होत.

१९२३ सालीं कारखान्यानें पहिली मोटार बाजारांत आणली, आणि १९२७ ची लहान ‘सुपर सेव्हन’ लोकांस फार आवडली. तथापि मोटारींच्या धंद्यांत पैसा अधिक गुंतला व १९३६ सालीं दोन्ही शाखा विभक्त झाल्या. मोटारसायकलींची शाखा जॅक सँगस्टर यांनीं विकत घेऊन एडवर्ड टर्नर या कल्पक यंत्रज्ञाच्या हातीं दिली. १९३७ सालीं त्यानें ‘स्पीड ट्विन’ ही ४९८ सीसीची गाडी लोकांपुढें मांडली.

तिच्यांत विशेष काय होतें, तें समजून घेण्यासारखें आहे. अशा एंजिनांत प्रथम पेट्रोलची वाफ व हवा आंत ओढली जाते, मग ती दाबली जाते, ठिणगीनें पेटून दट्ट्यास खालीं लोटते, आणि शेवटीं धूर बाहेर टाकला जातो. म्हणजे आंसाच्या दोन फेऱ्यांत शक्तीचा धक्का एकदांच मिळतो. म्हणून एका सिलिंडरची मोठी गाडी धडधडत चाले. टर्नरनें दोन लहान सिलिंडर शेजारीं शेजारीं बसविले. दोन्ही दट्टे एकदमच वर जात व एकदमच खालीं येत, परंतु त्यांत स्फोट मात्र आळीपाळीनें होई. त्यामुळें प्रत्येक फेरींत एक धक्का मिळून चाल सरळ झाली. शिवाय हें एंजिन एका सिलिंडरच्या गाडीच्या सांगाड्यांत सहज मावे. पुढें इतर इंग्लिश कारखान्यांनींही हीच रीत उचलली.

आतां गाडीची घडण पाहूं. एंजिनाचें बाहेरील कवच ॲल्युमिनियमचा रस सांच्यांत ओतून बनवीत. आंतील आंस मात्र ओतीव चालत नसे. पोलाद लाल तापवून, घणाखालीं घडवून, मग चरकावर कांतून तो तयार करीत. सांगाड्याच्या पोलादी नळ्या सांध्यांत बसवून पितळेच्या रसानें डाखीत. चाकाच्या आऱ्या एकेक आवळून चाक सरळ फिरतें कीं नाहीं, तें कारागीर नजरेनें पारखी. शेवटीं रंगलेल्या टाकीवर सोनेरी रेघ ओढणारा मनुष्य ती मोकळ्या हातानें ओढी. एका आऱ्याची हयगय झाली तरी बसणाऱ्याच्या जिवाशीं गांठ!

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं कॉव्हेंट्रीवर बाँबवर्षाव केला, त्यांत हा कारखानाही उद्ध्वस्त झाला. १९४२ सालीं जवळच्या मेरिडन गांवीं नवा कारखाना उभा राहिला. मोटारींची शाखा १९४४ सालीं स्टँडर्ड कंपनीनें घेतली. तिच्याच ‘हेरल्ड’ गाडीची भारतीय आवृत्ति मद्रासेस तयार होऊं लागली. आपल्यापैकीं कित्येक पालकांस ती स्मरत असेल. पुढें एका कंपनींतून दुसरींत जातां जातां १९८४ सालीं ट्रायंफ नांवाच्या मोटारी निघण्याचें बंद झालें. शेवटची मोटार तर मूळ जपानी होंडाच्या आराखड्यावर बेतलेली होती.

मोटारसायकलींवरही कठीण काळ आला. १९५९ सालची ‘बॉनेव्हिल’ जगभर गाजली खरी, परंतु त्या यशांत चालकांनीं जुनीं यंत्रें बदलण्याकडे दुर्लक्ष केलें. १९६९ सालीं होंडानें चार सिलिंडरची, बटण दाबतांच सुरू होणारी गाडी आणली, आणि गिऱ्हाइकें तिकडे वळलीं. १९७३ सालीं मेरिडनचा कारखाना बंद करण्याचें ठरलें, तेव्हां कामगारांनीं फाटक अडवून धरिलें. १९७५ सालीं सरकारी कर्जाच्या आधारानें त्यांनीं सहकारी पद्धतीनें तो स्वतः चालविण्यास घेतला. आठ वर्षें झगडून १९८३ सालीं तो अखेर बंद पडला. त्यांचा प्रयत्न फसला असें म्हणणें सोपें आहे. परंतु तो झाला नसता, तर हें नांव तेव्हांच विसरलें गेलें असतें.

त्याच वर्षीं जॉन ब्लूर यांनीं तें नांव विकत घेतलें. हे गृहस्थ मूळचे भिंतींना गिलावा करणारे कारागीर. पुढें घरें बांधण्याच्या धंद्यांत त्यांनीं पैसा मिळविला. त्यांनीं उतावीळ केली नाहीं. जपानी कारखान्यांची रीत पाहून, नवीं यंत्रें आणून, हिंकली येथें त्यांनीं नवा कारखाना उभारला व १९९१ पासून नव्या गाड्या विकण्यास प्रारंभ केला. २०२० सालीं ट्रायंफ व पुण्याची बजाज ऑटो यांचा करार झाला, आणि २०२३ सालीं ‘स्पीड ४००’ ही गाडी पुण्याजवळच्या चाकण येथें तयार होऊन बाहेर पडली. जर्मन मनुष्यानें इंग्लंडांत लावलेलें रोप अशा रीतीनें आपल्या महाराष्ट्राच्या मातींतही रुजलें.

विद्यार्थी मित्रहो, ह्या वृत्तांतापासून एक गोष्ट ध्यानांत ठेवा. नांव पैसे देऊन विकत घेतां येतें, पण लौकिक विकत घेतां येत नाहीं. तो प्रत्येक पिढीला आपल्या घामानें नव्यानें मिळवावा लागतो. ट्रायंफच्या मोटारींना केवळ नांव तारूं शकलें नाहीं. मोटारसायकलींना मात्र धीरानें केलेल्या श्रमांनीं तारलें. देवानें दिलेल्या दोन हातांची ज्यास लाज वाटत नाहीं, तोच खरा विजयी.