मनगट आधी, दंड नंतर

"वहिनी, आमची पोर जिंकेल ना हो?" मिरजोळ्यातल्या एका आईने विचारलं. लेक पंजा लढवते. स्पर्धेला पाठवायचं तर गाडीभाडं उभं करायला हवं.

मी सराव बघायला गेले. पोरीने मैत्रिणींना पटापट आडवं केलं. मी खूश! मग चुलतभाऊ बसला. त्याने तिचं मनगट मागे वाकवलं आणि सगळा जोर संपला. दंडात ताकद असून मनगट पडलं की ती वाया जाते, हे तेव्हा कळलं. रोजच्या मैत्रिणींना हरवून प्रतिस्पर्ध्याचा अंदाज येत नाही.

खाशाबा जाधव आठवतात ना? लाल मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला. गादीची सवय नव्हती, तरी सहावा आला. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीत कांस्यपदक!

पोर रडवेली झाली, पण लगेच हात पुढे करून म्हणाली, "परत."

आईला म्हटलं, "जिंकेलच असं सांगत नाही. पण रोज वरचढ हाताशी लढू दे आणि स्पर्धेला पाठवाच. गाडीभाड्याचं आपण महिला मंडळात बघू."

मैत्रिणींनो, लेकींचं 'परत' ऐकताय ना?