रस्ता आणि कायदा (लेखांक 5) : परीक्षा सक्तीची, शिक्षण ऐच्छिक

मागील लेखांकात अल्पवयीनांसंबंधीच्या तरतुदी पाहिल्यानंतर, वयाची 18 वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीकडून कायदा काय मागतो हा प्रश्न ओघानेच येतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांची रचना लक्षपूर्वक पाहिली असता असे दिसते की, स्वतःची मोटार किंवा दुचाकी चालवू इच्छिणाऱ्या प्रौढाला परीक्षा द्यावीच लागते, पण त्याने रीतसर शिक्षण घेतले पाहिजे असा आग्रह कायदा धरत नाही. परिवहन संवर्गातील वाहनांसाठी, म्हणजे भाड्याने प्रवासी वा माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी, कलम 9 नुसार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र, अर्थात ‘नमुना 5’, आवश्यक असते. खासगी वाहनाच्या अर्जदाराला ही अट लागू नाही. तो स्वखुशीने स्कूलमध्ये गेलाच, तर तेथील अभ्यासक्रम नियम 31 प्रमाणे किमान 21 दिवसांचा असावा आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान 10 तास असावेत, अशी अपेक्षा आहे.

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. त्यासाठीच्या चाचणीत वाहतुकीची चिन्हे, अपघातप्रसंगी चालकाची कर्तव्ये, रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकावर घ्यायची खबरदारी आणि सोबत बाळगायची कागदपत्रे यांवर प्रश्न असतात व 60 टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. सहा महिने चालणाऱ्या या परवान्यावर गाडी रस्त्यावर आणताना तिच्या पुढे-मागे 18 सेंटिमीटरच्या पांढऱ्या चौकोनात लाल ‘एल’ लावावा लागतो, तसेच गाडी ताब्यात घेऊ वा थांबवू शकेल अशा जागी प्रशिक्षक बसलेला असावा लागतो. नियमाच्या दृष्टीने हा प्रशिक्षक म्हणजे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती होय, मग ती काका असो वा शेजारी. तिला शिकवता येते की नाही, हे कोणी तपासत नाही, आणि संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे.

शिकाऊ परवाना मिळून 30 दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, मात्र त्या 30 दिवसांत गाडी किती तास चालवली याची नोंद खासगी अर्जदाराकडून मागितली जात नाही. याउलट चाचणीचे वर्णन करणारा नियम 15 कमालीचा काटेकोर आहे : आरसा नीट लावून घेणे, गाडी धक्का न देता पुढे काढून एकेक गिअर बदलत वरच्या गिअरपर्यंत नेणे, उतारावर चटकन खालचा गिअर टाकणे, चढावर थांबलेली गाडी हँडब्रेकच्या मदतीने तसूभरही मागे न घसरू देता पुन्हा चालू करणे, मागे घेताना ताबा राखणे, ही कौशल्ये त्यात एकामागून एक सांगितली आहेत. चढावरची ही एकच कसोटी प्रामाणिकपणे घेतली, तरी घाईघाईने शिकलेला चालक उघडा पडतो. म्हणूनच मोटार वाहन निरीक्षकाने ती टाळणे हा रस्त्यावरच्या इतरांवर अन्याय ठरतो.

अनुत्तीर्ण उमेदवाराला सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा अपयश आल्यास मात्र 60 दिवस थांबावे लागते. 2019 च्या दुरुस्तीने अशा उमेदवारासाठी उपचारात्मक प्रशिक्षणाची तरतूद केली. याचा अर्थ असा की, खासगी चालकाच्या बाबतीत शिक्षणाची सक्ती अपयशाच्या मागोमाग येते, जेव्हा ती खरे तर शिकाऊ परवान्याबरोबरच यायला हवी होती.

1 जुलै 2021 पासून लागू झालेल्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांनी या उणिवेवर एक वेगळा मार्ग काढला. हलक्या मोटार वाहनासाठी चार आठवड्यांत 29 तासांचे शिक्षण, त्यांपैकी 8 तास वर्गात आणि 21 तास प्रत्यक्ष, तसेच सिम्युलेटर व चाचणी मार्ग अशी तेथील योजना असून, हा अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्याला आरटीओतील वाहन चाचणीतून सूट मिळते. शिक्षणाला प्रथमच असे मोल मिळाले हे स्वागतार्ह आहे; परंतु शिकवणारा आणि पारखणारा येथे एकच झाल्यामुळे केंद्रांच्या नियमित तपासणीचा भार शासनावर पूर्वीपेक्षा अधिक पडतो. ही तपासणी कोणी व कशी करायची, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.