घूर्णी एंजिन नियंत्रण प्रणाली

टर्बोचार्जरयुक्त घूर्णी (व्हांकेल) एंजिनाचा इंधनपुरवठा व ठिणगीची वेळ ठरविणारी, मूळ नियंत्रकाऐवजी नंतर बसविलेली इलेक्ट्रॉनीय यंत्रणा. माझ्दा कंपनीच्या आरएक्स–७ (१९७८–२००२) मोटारगाडीच्या टर्बो प्रकारांत ती विशेष आढळते.

त्रिकोणी घूर्णकाच्या टोकांवरील पट्ट्या वायू अडवून धरतात. वाढीव दाबाखाली इंधन कमी पडल्यास किंवा ठिणगी फार लवकर पडल्यास स्फोटक ज्वलन होऊन पट्टी फुटते. तिचे तुकडे कवच ओरबाडतात आणि टर्बोचार्जरच्या पात्यांपर्यंत पोहोचतात. दट्ट्याचे एंजिन असा आघात बहुधा काही काळ सोसते, हे क्वचितच. म्हणून निवड करताना अश्वशक्तीपेक्षा पट्टीचे रक्षण अधिक महत्त्वाचे.

प्रत्येक घूर्णकाला दोन ठिणगी गुडद्या असतात. अग्र व पश्च ठिणग्यांमधील अंतर दाबानुसार बदलता आले पाहिजे. केवळ दट्ट्याच्या एंजिनांसाठी योजलेल्या नियंत्रकांत ही सोय सहसा नसते. भार वाढल्यावर दुय्यम इंधन-अंतःक्षेपकही सुरू होतात. त्या संक्रमणात मिश्रण विरळ होऊन चालत नाही. पट्ट्यांच्या वंगणासाठी तेल सोडणारा विद्युत् नियंत्रित पंप नव्या यंत्रणेस चालविता येत नसेल, तर जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरप्रमाणे पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. मात्र उत्तम नियंत्रकही घूर्णी एंजिन न जाणणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाती धोक्याचा ठरतो.