रेवामाईचं गाणं, गिटारच्या सोबतीनं

मैत्रिणींनो, गाण्यांच्या बाबतीत आपली घडी बसलेली असते. सकाळी भक्तिगीतं, दुपारी निवडणं-टिपणं करताना लता-आशा आणि लग्नसराईत डीजे. रॉक वगैरे प्रकार म्हणजे कॉलेजातल्या पोरांनी केस वाढवून माना हलवायचा! त्यामुळे शहाद्यासारख्या गावात राहणारी, शाळेत शिकवणारी, दोन लेकरांची आई असलेली मी गेली वीस-बावीस वर्षं एका रॉक अल्बमच्या प्रेमात आहे म्हटलं, की लोक अजूनही हसतात. हसोत बापडे.

अल्बमचं नाव 'कंदिसा'. काढला 'इंडियन ओशन' नावाच्या दिल्लीच्या बँडनं, २००० साली. एकूण गाणी सात. माझ्याकडे तो आला पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याच्या बॅगेतून, कॅसेटच्या रूपात. दिवाळीच्या सुट्टीत आला होता, जाताना ती टेपरेकॉर्डरमध्येच राहिली. त्यानं परत मागितली नाही आणि मीही आठवण केली नाही!

पहिले काही दिवस ती स्वयंपाकघरात नुसती वाजत राहिली. भाकरी थापताना हात पिठाचे, कॅसेट बदलणार कोण? सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हाई काय लायेल शे वं?" आमच्या ह्यांनी 'ढोल बडवणं' असं नाव ठेवलं. त्यांचंही बरोबरच. आपल्या कानांना मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा अशी सवय. इथे एक गिटार आपली सावकाश चालत राहते, तबला येतो, मग ड्रम येतात, आणि तीन-चार मिनिटं झाली तरी कुणी तोंड उघडत नाही. काही गाण्यांत तर शब्द जवळजवळ नाहीतच.

पण हे आपल्याला इतकं परकं आहे का? अक्कलकुव्याजवळच्या काठीची होळी पाहिलीय ना तुम्ही? पाहिली नसेल तर एकदा जरूर जा. रात्रभर मोठाले ढोल घुमत असतात, कमरेला घुंगरं-भोपळे बांधलेले, मोरपिसांचे टोप घातलेले गडी नाचत असतात, बायका हातात हात गुंफून फेर धरतात. तोच ठेका, तीच चाल, तास न् तास. पहिला अर्धा तास वाटतं, आता बदलेल. मग आपण वाट बघणं सोडून देतो आणि पायच ठेका धरतात. पहाटे होळी पेटते तेव्हा रात्र कुठे गेली कळत नाही. 'कंदिसा' ऐकताना माझं अगदी तसंच झालं. किती दिवसांनी ते आठवत नाही, पण एका संध्याकाळी लोडशेडिंगमध्ये टेप सेलवर लावला होता, सेल उतरत आले तसा आवाज घोगरा होत बंद पडला, आणि मला चक्क चुकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सेलचा नवा जोड आणला. घरखर्चात तो मी कशात दाखवला ते विचारू नका.

आता मुख्य गोष्ट. कॅसेटवरचं एक गाणं 'मा रेवा'. रेवा म्हणजे आपली नर्मदा! शहाद्यातून नर्मदा दिसत नाही, आपल्याजवळ गोमाई. नर्मदा सातपुड्याच्या पलीकडे, जिल्ह्याच्या उत्तरेच्या हद्दीवर. पण परिक्रमेला निघालेली माणसं शहादा, प्रकाशा, तळोदा करत जातात, तेव्हा 'नर्मदे हर' म्हणून आपण त्यांना चहापाणी देतोच. म्हणून गाण्यात 'रेवा' ऐकलं आणि मी लाटणं ठेवून कॅसेटच्या कव्हरवरची बारीक अक्षरं वाचायला बसले.

गाणं नर्मदाकाठचं लोकगीत आहे. बोली आपली पावरी नव्हे, मध्य प्रदेशाकडच्या निमाडीच्या वळणाची. आईच्या निर्मळ, वाहत्या पाण्याचं कौतुक, एवढाच त्याचा अर्थ. ते बँडपर्यंत पोहोचलं कसं, हे मला पुढे हळूहळू कळत गेलं. बँडमधला बास गिटार वाजवणारा आणि गाणारा राहुल राम हा केमिस्ट्री शिकलेला, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट केलेला माणूस. परत आल्यावर १९९० नंतरची काही वर्षं तो नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. खोऱ्यातली गाणी तिथेच त्याच्या कानावर पडली. म्हणजे आपल्या डोंगरापलीकडचं गाणं दिल्लीला गेलं, तिथे त्याला गिटार आणि ड्रम मिळाले, आणि पुण्यावरून फिरून ते शहाद्याला माझ्या ओट्यावर आलं. गंमत आहे की नाही?

त्यावेळी आमच्या शाळेत एक तरुण शिक्षिका नव्यानं आली होती. मूळची अक्कलकुवा तालुक्यातल्या नर्मदाकाठच्या गावची. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि धडगाव या दोन तालुक्यांतली. त्यात मणिबेली धरणाला सर्वांत जवळचं. तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखाली गेलं. हिच्या घरच्यांना तळोद्याकडे पुनर्वसनात जमीन मिळाली होती. सपाटीची जमीन, रस्ता, वीज, सगळं होतं. ती त्याबद्दल फारसं बोलायची नाही आणि आम्हीही विचारायचो नाही. शाळेत असतं ना तसं, डबे उघडायचे, भाज्या वाटून घ्यायच्या.

एकदा मधल्या सुट्टीत मी भाच्याचा जुना वॉकमन घेऊन बसले होते. ती म्हणाली, "मॅडम, काय ऐकता एवढं?" मी एक बोंडूक तिच्या कानात दिलं. 'मा रेवा' सुरू होतं. पूर्ण होईपर्यंत ती हलली नाही, हातातली भाकरी तशीच. मग म्हणाली, "हे आमच्याकडचं नाही, वरच्या अंगाचं आहे. पण परत लावा ना."

मी रिवाइंड केलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ती सहज बोलावं तसं बोलली, "आमच्या घरात रात्री झोपलं की नदीचा आवाज यायचा. पावसाळ्यात वेगळा, उन्हाळ्यात वेगळा. माझी आई आवाजावरून सांगायची, पाणी किती वाढलंय ते. आता भाऊ होडीतून जाऊन येतो कधी जुन्या जागेवर. म्हणतो, पाणी खूप आहे, पण आवाज नाही."

घंटा झाली आणि आम्ही वर्गावर गेलो. गणिताचा तास होता माझा. काय शिकवलं ते देव जाणे.

त्यानंतर ते गाणं मला नुसतं गोड राहिलं नाही. त्यात गिटारचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, झुळझुळ म्हणावी तसा. आधी मला तो नुसती सजावट वाटायचा. आता वाटतं, नदीचा गेलेला आवाजच तिथे भरून ठेवलाय. धरण हवं की नको, या वादात मी इथे शिरत नाही. त्या पाण्यानं कुणाची शेतं भिजली, कुणाच्या तहानेची सोय झाली, हेही खरंच आहे. २०१७ साली धरण पूर्ण उंचीनिशी लोकार्पण झालं. पण वाहत्या पाण्याचं कौतुक करणारं गाणं थांबलेल्या पाण्याच्या काठावर ऐकताना पोटात काहीतरी हलतं, ते कोणत्या बाजूचं हे मला सांगता येत नाही.

बाकीची गाणीही थोडक्यात सांगते. 'कंदिसा' हे नावाचं गाणं म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांची सिरियाक भाषेतली प्रार्थना. एक शब्द कळत नाही, आणि तरीही आवाजावर आवाज चढत जातात तेव्हा काकडआरतीला देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं. 'हिल्ले ले' हे गोरख पांडे यांचं भोजपुरी गीत, गरिबांनी जग हलवून सोडावं असं सांगणारं. माझ्या धाकट्यानं त्यावर नाचून नाचून पलंगाची फळी मोडली होती. सुष्मित सेनची गिटार, अमित किलमचे ड्रम आणि असीम चक्रवर्तींचा तबला, गाणंही त्यांचं. एकाच वेळी तबला वाजवायचा आणि वर तार स्वरात गायचं, हे आपल्याला नुसतं फोडणी देता देता फोनवर बोलणंसुद्धा जमत नाही म्हणून जास्तच कौतुकाचं वाटतं! असीमदा २५ डिसेंबर २००९ ला गेले. बातमी मला दोन दिवसांनी कळली आणि मी ओळखदेख नसलेल्या माणसासाठी रडले. पुढे २०१३ मध्ये सुष्मित सेनही बँडमधून बाहेर पडले. बँड चालू राहिला, पण माझे ते चौघं 'कंदिसा'तच आहेत.

दिल्ली-मुंबईच्या जाणकारांत या अल्बमचं नाव आहे म्हणे. बाकीच्यांना हा बँड ठाऊक झाला तो 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमातल्या 'बंदे' गाण्यामुळे. आणि आपल्या जिल्ह्यात? शहादा, तळोदा, नंदुरबार, नवापूर, कुणालाही विचारा. ज्या नदीवर गाणं आहे तिच्या जिल्ह्यात ते कुणी ऐकलेलं नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. कॅसेटच्या दुकानात मी दुसरी प्रत मागितली तेव्हा दुकानदारानं मला नवरात्रातल्या गरब्याची कॅसेट काढून दिली होती!

एक तक्रार माझीही आहे. चौघंही पुरुष. आपल्याकडे लग्नाची गाणी, होळीचा फेर, सगळीकडे बायकांचा गळा पुढे असतो. रेवाच्या काठावरच्या एखाद्या बाईचा आवाज त्या गाण्यात हवा होता. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीलाही तसंच वाटतं. ती घरी जाताना माझ्याकडून कॅसेट भरून घेऊन गेली आणि तिच्या आईला ऐकवली. आईनं म्हणे निम्म्यातच सुधारणा करून आपलं स्वतःचं गाणं सुरू केलं.

सासूबाईंचंही सांगायचं राहिलं. वर्षभरानं त्या स्वतःच म्हणायला लागल्या, "ते पानीनं गानं लाव व." शेवटच्या आजारपणातही दुपारी तेच लागायचं.

ती कॅसेट आता कपाटात आहे, फीत सुकलेली. गाणी मोबाइलवर मिळतात, लेकीनं लावून दिलीत. तुम्ही ऐकणार असाल तर 'मा रेवा'पासून सुरुवात करा, मग 'कंदिसा'. 'खजुराहो' अगदी पहिल्या दिवशी नको, ते लांबलचक आहे. भाकरी करताना लावा, म्हणजे मध्येच बंद करायला हात मोकळे नसतील.